कोरड्या माणसाची बाजू

(प्रस्तावना)

'रणांगण' वाचून चक्रधर विध्वंस हा माणूस आपल्याला फार आवडला, असं सांगणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. आवडावं असं त्याच्यात आहे तरी काय? प्रेमात एकदा तोंड पोळलं म्हणून पुढे भेटणाऱ्या प्रत्येक बाईकडे तो वसुलीच्या नजरेने बघतो. स्वतःच्या दुःखाची आधी आपणच टिंगल करून घेतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला संधी उरत नाही. कुणी जवळ येतंय असं दिसलं की एक खोचक वाक्य टाकून बाजूला होतो. आणि तरीही विश्राम बेडेकरांची ही लहानशी कादंबरी १९३९ पासून आजवर वाचली जाते आहे. न आवडणाऱ्या माणसाच्या तोंडून सगळी गोष्ट ऐकायची आणि शेवटी त्याच्याचसाठी जीव थोडा कासावीस व्हायचा, हे होतं कसं? या पुस्तकातली टिपणं त्याच प्रश्नाभोवती फिरतात.

टिपणं लिहिणारे सगळे वाशीमचे. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेतून निवृत्त झालंय, एकजण औषधांचं दुकान चालवतो, दोघी अजून कॉलेजात आहेत. समीक्षक कुणीच नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या कादंबऱ्यांचा 'मी' वाचकाला जवळ करत नाही अशाच निवडून वाचायच्या, असं त्यांनी ठरवलं आणि प्रत्येक कादंबरीनंतर जे वाटलं ते लिहून काढलं. पहिल्या पहिल्या टिपणांचा सूर एकच होता: माणूस कोरडा आहे, तुसडा आहे, ह्याच्याशी आमचं जमत नाही. एका बाईंनी तर सरळ लिहिलं, की असल्या माणसाला मी घरात चहालासुद्धा बोलावणार नाही, मग रात्र-रात्र जागून त्याचं ऐकायचं कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर 'साहित्य आहे म्हणून' असं देऊन सुटका होत नाही.

आपली वाचनाची सवय कुठून आली ते बघितलं पाहिजे. ह. ना. आपट्यांची यमू आपली कहाणी सांगते ती 'पण लक्षांत कोण घेतो?' असं विचारत. कादंबरीच्या नावातच वाचकाला साद आहे. साने गुरुजींचा श्याम तर ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच रडतो, आणि त्याच्या मागोमाग तीन पिढ्या रडल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला १९९५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या कष्टकरी बाईसाठी आपला जीव तुटतो, तेव्हा आपण काही वेगळं करतो आहोत असं वाटतही नाही. अशा निवेदनात वाचकाला जागा तयार करून ठेवलेली असते, नुसतं जाऊन बसायचं. यात कमीपणा काही नाही. 'श्यामची आई'ला नाकं मुरडणाऱ्या शहाण्यांचा मला कंटाळा आहे. पण 'श्यामची आई' आली १९३५ साली आणि 'रणांगण' १९३९ साली, हे लक्षात घ्या. मधे फक्त चार वर्षं. ज्या वाचकाचे डोळे अजून पुरते कोरडे झाले नव्हते त्याच्यासमोर बेडेकरांनी असा 'मी' आणून उभा केला, की जो डोळ्यांत पाणी आलं तर खारा वारा लागला म्हणेल.

बेडेकर अमरावतीत जन्मले, १९०६ साली. म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. नाटकं लिहिली, सिनेमे केले, पण कादंबरी आयुष्यात एकच. पुढे आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'एक झाड आणि दोन पक्षी'. उपनिषदातली ती जुनी प्रतिमा: एक पक्षी फळ खातो, दुसरा काही न खाता नुसता बघत राहतो. चक्रधर स्वतःला हा दुसरा पक्षी समजतो. कादंबरी वाचताना हळूहळू कळतं, की फळाची चव त्यालाही चांगलीच ठाऊक आहे.

गोष्ट बोटीवरची आहे. महायुद्ध तोंडावर आलेलं. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आहे, आणि त्याच बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत. त्यांत हॅर्टा आहे. ही नुसती कादंबरीकाराची कल्पना नव्हे. नोव्हेंबर १९३८च्या जाळपोळीनंतर जर्मनीतल्या ज्यूंना बाहेर पडायचं होतं आणि बहुतेक देशांनी दारं लावून घेतली होती. शांघाय हे जगातलं जवळजवळ एकच मोठं शहर असं होतं, की जिथे उतरायला व्हिसा लागत नव्हता. तिकडे जाणाऱ्या इटालियन बोटी सुएझमार्गे येऊन मुंबईला थांबत आणि पुढे जात. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हा मार्ग बंद झाला, तोवर हजारो माणसं या वाटेने गेली होती. शांघायला पोचलेल्या ज्यूंचा आकडा सतरा ते वीस हजारांच्या घरात सांगतात. त्या बोटींवर घरी परतणारे हिंदुस्थानी प्रवासी असायचे आणि ज्यांना घरच उरलं नाही असे लोकही असायचे. जेवणाची वेळ एकच, डेकही एकच. मुंबईला चक्रधरने उतरायचं आणि हॅर्टाने पुढे जायचं, हे पहिल्या दिवसापासून दोघांनाही ठाऊक आहे. प्रेम करायला इतकी वाईट जागा दुसरी सापडणार नाही.

चक्रधर या सगळ्यात काय करतो? बघतो. माझ्या मते गाठ आहे ती इथेच. कोण कुणाच्या टेबलाशी बसतं, कोण हसताना कुणाकडे चोरून पाहतं, आज कालच्यापेक्षा काय बदललं, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. आपल्याला कशाचंच काही वाटत नाही असं तो सुचवत राहतो. पण ज्याला खरोखर काही वाटत नाही तो माणूस इतकं बारकाईने बघत नाही. त्याला कंटाळा येतो, तो खोलीत जाऊन झोपतो. चक्रधरचं लक्ष हीच त्याची भावना आहे. ती त्याच्या शब्दांत शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. तो कशाकडे बघतोय, किती वेळ बघतोय, आणि कुठे एकदम नजर काढून घेतोय, तिथे ती सापडते. हे एकदा लक्षात आलं की त्याच्या खोचक वाक्यांचा राग येणं थांबत नाही, पण रागाबरोबर आणखी काही यायला लागतं.

हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्त सांगून गेला, की रस नटाच्या ठिकाणी नसतो, तो रसिकाच्या ठिकाणी असतो. नट रडला पाहिजे अशी अट नाही. आपल्या कादंबरीवाचनात मात्र ही अट कुठून तरी शिरली आहे.

'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर या टिपणांत सगळ्यांत जास्त वेळा येतो, ते अपेक्षितच होतं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. त्यातल्या 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'वर इतकं लिहून झालंय, की मी त्यात भर घालत नाही. पांडुरंगचा तुटकपणा चक्रधरपेक्षा निराळा आहे. चक्रधरला जखम आहे आणि ती त्याला माहीत आहे. पांडुरंग खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेल, मेस, गॅदरिंग सगळ्यांत उत्साहाने पडतो, आणि एकेक करून सगळ्यांतून त्याचं मन उडत जातं. वडिलांचा पैसा जातो, परीक्षा जाते, मित्र जातात. हे सगळं तो अशा आवाजात सांगतो, जणू शेजारच्या खोलीतल्या मुलाचं चाललंय. आणि मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तोपर्यंत सांभाळलेला तो आवाज तिथे फुटतो. कॉलेजातल्या दोघींपैकी एकीने टिपणात लिहिलंय, की मनीची पानं वाचून झाल्यावर तिने कादंबरी पहिल्यापासून पुन्हा काढली आणि सुरुवातीचे विनोद तिला दुसऱ्यांदा हसवेनात. एवढ्या वाक्यासाठी हे पुस्तक छापावं असं मला वाटलं.

मनी गेल्यानंतरचं अजिंठ्याचं प्रकरण वाचताना वाशीमकराने थोडी मान ताठ केली तरी चालेल. पांडुरंग ज्या लेण्यांत जाऊन उभा राहतो त्यांतली पुष्कळशी पाचव्या शतकात, वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली. सोळा नंबरचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. या शाखेची ओळख पक्की झाली ती वाशीमला मिळालेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे, आणि तो उजेडात आला १९३९ साली, 'रणांगण' आली त्याच वर्षी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही वत्सगुल्मातच. आज पाटणी चौकात उभं राहून हे सांगितलं तर लोक हसतील. पण ज्या गावात काव्याचं लग्न लागलं त्या गावाने अवघड पुस्तकांना भिऊ नये, एवढं तरी म्हणता येईल.

निवेदक स्वतः काही कबूल करत नाही तेव्हा चतुर लेखक काय करतो, त्याचा एक फार सुंदर नमुना मराठीबाहेर आहे. काझुओ इशिगुरोच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' या १९८९च्या कादंबरीत स्टीव्हन्स नावाचा बटलर आपली गोष्ट सांगतो. हवेलीत परदेशी पाहुण्यांची मोठी परिषद भरलेली, आणि त्याच रात्री वर माळ्यावरच्या खोलीत त्याचे वडील शेवटच्या घटका मोजताहेत. स्टीव्हन्स खाली पाहुण्यांना दारू ओततोय. आपल्याला काय होतंय याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पण पाहुण्यांपैकी एकजण, आणि मग खुद्द मालकही, त्याला विचारतात, की बाबा रे, तुझं बरं आहे ना, तू रडल्यासारखा दिसतोयस. स्टीव्हन्स सांगतो, दिवसभराचा शीण आहे. बस, एवढंच. निवेदकाने लपवलेलं त्याच्याच तोंडून, दुसऱ्यांच्या प्रश्नात घालून, लेखकाने आपल्यापर्यंत पोचवलं. औषधांच्या दुकानवाल्या मित्राला हे प्रकरण फार भावलं. काउंटरवर उभं राहून आपणही आयुष्यभर हेच करतो, असं त्याचं म्हणणं.

आता अल्बेर काम्यूच्या मर्सोबद्दल. १९४२ सालच्या त्या कादंबरीत मर्सो एका अरबाला गोळ्या घालतो. खटला उभा राहतो तो खुनाचा, पण वकील पुन्हा पुन्हा बोलत राहतो ते आईच्या अंत्यविधीबद्दल. हा रडला नाही. याने तिथे कॉफी घेतली, सिगारेट ओढली. दुसऱ्या दिवशी पोहायला गेला, सिनेमा बघितला. ज्युरीचं मत फिरतं ते या गोष्टींनी.

हे प्रकरण वाशीमच्या लोकांनी मिळून वाचलं तेव्हा चर्चा फ्रान्सवर किंवा अल्जीरियावर गेलीच नाही. ती इथल्या गावांवर आली. पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी मदतीचं पॅकेज जाहीर केलं त्यांत आपला जिल्हा होता. त्या वर्षांत ज्या घरातल्या शेतकऱ्याने जीव दिला त्या घरी पंचनाम्याला माणसं येत, कॅमेरे येत, फॉर्म भरून घेणारे येत. घरातली बाई सगळ्यांना सांगे: कर्ज इतकं, नापिकी दोन सालांची, सकाळी वावरात गेले ते परत आले नाहीत. आकडे बरोबर, वारही बरोबर, आवाजात चढउतार नाही. आणि मग गावात कुणीतरी म्हणे, 'काय बाई आहे, डोळ्यातून टिपूस नाही काढलं.' तीच गोष्ट पंधरा अनोळखी माणसांपुढे सांगावी लागलेली बाई अजून कशी सांगणार, याचा विचार म्हणणाऱ्याने केलेला नसे. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या टिपणात मर्सोचा खटला आणि हे वाक्य शेजारी-शेजारी ठेवलं आहे, आणि पुढे एकही ओळ लिहिलेली नाही. संपादन करताना तिथे दोन ओळी वाढवा असं मी त्यांना सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, ते बरंच झालं.

सपाट आवाजात बोलणारा प्रत्येक माणूस आतून भरलेलाच असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. इथे आमच्या गटात दोन तट पडले आणि ते शेवटपर्यंत मिटले नाहीत. काहींचं म्हणणं, एकदा निवेदकाची बाजू समजली की त्याच्याकडून झालेलं सगळं माफ होतं. मला हे मान्य नाही. मर्सोच्या कोरडेपणाशी समरस होता होता वाचक एक गोष्ट विसरून जातो: ज्याला मारलं त्या अरबाला त्या कादंबरीत नावसुद्धा नाही. कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने २०१३ साली एक अख्खी कादंबरी लिहिली ती याच रागातून. मेलेल्याचा भाऊ तिथे बोलतो आणि त्या अरबाला नाव मिळतं, मूसा. काम्यूला खोटं पाडायला दाऊदने ते लिहिलं असं मी मानत नाही. एकाच माणसाचं ऐकून घेतलं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं, एवढाच त्याचा मुद्दा.

या बाबतीत बेडेकर मला काम्यूपेक्षा दोन पावलं पुढे वाटतात, आणि हे मी आपला माणूस म्हणून बोलत नाही. 'रणांगण'मध्ये शेवटाकडे हॅर्टाची पत्रं येतात. तोवर सगळी कादंबरी चक्रधरच्या मुठीत असते. हॅर्टा कशी दिसते, कशी हसते, काय म्हणाली, सगळं त्याच्याकडून कळायचं. पत्रांत ती पहिल्यांदा स्वतः बोलते. आणि ती बोलायला लागली की आपल्याला कळतं, चक्रधरने तिच्यातलं किती पाहिलं होतं आणि किती बघूनही बाजूला ठेवलं होतं. ती समुद्रात जीव देते. चक्रधरशी आपली सहानुभूती असेल तर ती या पत्रांच्या पुढे टिकली पाहिजे. पत्रांच्या आधीच ती पुरती बहाल करून टाकली असेल तर ती स्वस्तात गेली. बेडेकरांच्या घरात दुसऱ्या बाजूने लिहिणारी लेखणीही होती. 'कळ्यांचे निःश्वास' लिहून १९३३ साली खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई, यांच्याशी त्यांचं १९३८ साली लग्न झालं होतं. कुणी कुणाला काय सुचवलं हे शोधण्यात मला रस नाही. दोन पुस्तकं एकामागोमाग वाचून बघा, एवढं मात्र सांगतो.

'कोसला'नंतर मराठीत तुटक निवेदकांचं पीकच आलं. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तला पोक्या त्यातला अस्सल. १९६५ साली ते पुस्तक आलं तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यावर झोड उठवली होती, तरी ते टिकलं. पुढे मात्र दाढी वाढवून, सिगारेट पेटवून, 'मला कशाचंच काही नाही' म्हणणारे इतके 'मी' आले, की त्यांच्यात निवड करणं अवघड झालं. त्यांतल्या बऱ्याच जणांबद्दल मला काडीचीही आत्मीयता वाटत नाही, आणि वाटली पाहिजे असंही मी मानत नाही. त्यांचं लक्ष कुणावरच नसतं, फक्त स्वतःच्या तुटकपणावर असतं. पांडुरंग जगावर चिडतो तेव्हा ते जग आपल्याला लख्ख दिसतं: मेसमधली भांडणं, हॉस्टेलची कॉट, गावाकडची माणसं. या नकली मंडळींच्या कादंबऱ्यांत खिडकीबाहेर काय होतं तेही आठवत नाही. टिपणं लिहिणाऱ्यांनी अशी दोन पुस्तकं अर्ध्यावर सोडली. मी त्यांना पूर्ण करा असं म्हटलं नाही.

काही टिपणं विस्कळीत आहेत, काहींत गोष्टीचा सारांशच जास्त झालाय. दोन ठिकाणी लेखक एकमेकांना चक्क खोडून काढतात. ते तसंच ठेवलं आहे. निवृत्त बँकवाले काका चक्रधरला अखेरपर्यंत 'तो नालायक' याच नावाने संबोधतात, आणि त्यांचंच टिपण सगळ्यांत लांब आहे. यावरून वाचकाने काय तो अंदाज बांधावा.

ज्यांनी यांतलं काहीच वाचलेलं नाही त्यांनी 'रणांगण'पासून सुरुवात करावी. पानं थोडी आहेत, दोन बैठकींत होतात. चक्रधरचा राग आला तर येऊ द्या, पण पुस्तक खाली ठेवू नका. आणि शेवटची पत्रं झोपेच्या वेळी घाईघाईने उरकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना वाचा, आणि मग ही टिपणं उघडा. आमचं म्हणणं पटलं नाही तर तसं लिहून कळवा. पुढच्या आवृत्तीत त्याला जागा आहे.